‘डिस्क गेली’ असं कोण म्हणतं?

आपल्या बहुतेक संघटनांच्या कार्यालयात आता एक तरी कॉम्प्युटर असतो. बऱ्याचदा तो कंपनीचा नसतो. कोणाच्या तरी भाच्याने, कोणाच्या तरी मुलीने सुटे भाग आणून जोडलेला असतो, कारण तसा तो स्वस्त पडतो आणि गरज पडेल तशी त्यात भर घालता येते. त्याच्या पोटात एक हार्ड डिस्क असते. या डिस्कवर काय काय असतं, याची यादी प्रत्येक संघटनेने एकदा शांतपणे बसून करावी. सल्ला केंद्रात आलेल्या बायकांची नावं आणि पत्ते. त्यांनी रडत रडत सांगितलेल्या हकिकती. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००६ साली लागू झाला तेव्हापासून केलेल्या अर्जांच्या प्रती. जखमांचे फोटो. नवऱ्याने, दिराने फोनवर दिलेल्या धमक्यांचं ध्वनिमुद्रण. घर सोडून आलेली बाई सध्या कुठे राहते, ते. शिवाय देणग्यांचा हिशोब, बैठकांची इतिवृत्तं, अंकांच्या जुन्या फायली. थोडक्यात, संघटनेची सगळी स्मरणशक्ती तळहाताएवढ्या धातूच्या डबीत असते.

आणि एक दिवस ती डबी कॉम्प्युटरला दिसेनाशी होते. यंत्र चालू होतं, पडदा उजळतो, पण डिस्कचा पत्ता नसतो. मग कोणीतरी म्हणतं, “डिस्क गेली.” कोणी म्हणतं, “उडाली.” घरात कोणी दगावल्यासारखी शांतता पसरते आणि थोड्या वेळाने आपण तो खोका उचलतो, रिक्षात घालतो आणि दुकानात नेऊन ठेवतो. दुकानातला मुलगा म्हणतो, “ठेवून जा मॅडम, उद्या बघतो.” आपण ठेवून येतो.

मला या लेखात दोनच गोष्टी म्हणायच्या आहेत. पहिली, ‘दिसत नाही’ आणि ‘गेली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक शोधायला फार मोठं शिक्षण लागत नाही. दुसरी, तो फरक आपल्याला शोधता येत नाही म्हणून आपण आपल्यावर विश्वास टाकलेल्या बायकांची गुपितं अनोळखी हातात देतो. हा प्रश्न तांत्रिक आहे असं समजून आपण तो बाजूला ठेवलेला आहे. माझ्या मते तो आपल्या कामाचा प्रश्न आहे.

बलात्कारित बाईचं नाव आपण आपल्या अंकात कधी छापत नाही. १९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ आलं, तेव्हापासून तसं नाव छापणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ७२ मध्ये ती तरतूद आहे. पण कायदा नसता तरी आपण नाव छापलं नसतं. बैठकीत केसची चर्चा करतानासुद्धा आपण नाव बदलून बोलतो. आणि तीच खरी नावं, खरे पत्ते, खरे फोटो असलेली सबंध डिस्क आपण चिठ्ठीही न घेता दुकानात सोडून येतो. यात विसंगती आहे की नाही?

दुरुस्तीला दिलेल्या यंत्रातून काय होऊ शकतं, हे हाँगकाँगने २००८ साली पाहिलं. तिथल्या एडिसन चेन या नटाचा लॅपटॉप दुरुस्तीला गेला होता. दुरुस्ती करणाऱ्या माणसाने त्यातले खाजगी फोटो काढून घेतले आणि पुढे ते सगळीकडे पसरले. २००९ साली त्या माणसाला तुरुंगवास झाला. तो नट हाँगकाँगचा चित्रपटव्यवसाय सोडून निघून गेला. पण लोकांसमोर उभं राहून स्वतःच्या वागण्याबद्दल माफी मागायची वेळ फोटोतल्या एका तरुण अभिनेत्रीवरही आली. चोरी एकाने केली, लाज दुसरीने वाहिली. हा हिशोब आपल्याला नवा नाही. आपल्या डिस्कवरच्या बाया नट्या नाहीत, पण त्यांचा पत्ता बाहेर फुटला तर त्यांच्या बाबतीत प्रश्न अब्रूचा राहत नाही, जिवाचा होतो.

आता आमच्या कार्यालयात घडलेलं सांगते, कारण त्यातून बरंच समजण्यासारखं आहे. आमचा कॉम्प्युटर २०१९ साली आमच्या एका कार्यकर्तीच्या मुलीने जोडला. ती तेव्हा पॉलिटेक्निकला होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग घासाघीस करून आणला होता. सहा वर्षं तो बिनतक्रार चालला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची मुदत संपली, तेव्हा नवी विंडोज घालण्यासाठी एक नवी एसएसडी बसवून घ्यायचं ठरलं. ही नव्या पद्धतीची, च्युइंगगमच्या पट्टीसारखी चपटी, थेट मदरबोर्डवर बसणारी. मुलगी आता नोकरीसाठी बंगळूरला, म्हणून काम जवळच्या एका दुकानात दिलं आणि आमच्यातली एक जण काम होईपर्यंत तिथेच बसून राहिली. खोका परत आला, यंत्र आधीपेक्षा चपळ झालं, पण केसेसच्या नोंदी असलेली जुनी डिस्क गायब. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, “जुनी डिस्क गेली मॅडम. मशीन ठेवून जा, फॉरमॅट मारून बघू.”

फॉरमॅट मारून! वहीतलं अक्षर लागत नाही म्हणून वहीची पानं फाडण्यातला हा प्रकार. त्या डिस्कची प्रत आमच्याकडे होती, पण त्यानंतरच्या अडीच महिन्यांच्या नोंदी फक्त त्या डिस्कवरच होत्या. त्यांत दोन बायकांच्या तारखा पुढच्याच आठवड्यात होत्या.

आम्ही खोका दुकानात नेला नाही. बंगळूरच्या मुलीला संध्याकाळी फोन लावला, आणि तिघी जणी खोक्याभोवती बसलो. एक मी, एक आमची वकील मैत्रीण आणि एक आमचा शिवणवर्ग चालवणारी बाई. तिचं शिक्षण आठवीपर्यंत, पण शिलाई यंत्राचा दात अन् दात तिला माहीत.

मुलीने विचारलेला पहिला प्रश्न मला फार आवडला. ती म्हणाली, “मावशी, डिस्क कोणाला दिसत नाहीये, ते आधी सांग.” म्हणजे काय? तर कॉम्प्युटर चालू झाल्याबरोबर विंडोजच्या आधी एक छोटा कार्यक्रम जागा होतो. त्याला बायोस म्हणतात. घरात कोण कोण आहे याची तो हजेरी घेतो आणि मग कारभार विंडोजच्या हाती देतो. यंत्र सुरू होताना ‘डिलीट’ किंवा ‘एफ-२’ ही कळ दाबत राहिलं की बायोसचा पडदा उघडतो आणि त्यात जोडलेल्या डिस्कची यादी दिसते. डिस्क त्या यादीत असेल, तर तारा ठीक आहेत, डिस्क निदान जिवंत आहे आणि घोटाळा विंडोजमध्ये आहे. यादीतच नसेल, तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही, खोका उघडायला हवा. या एका प्रश्नाने अर्धं काम होतं. आमच्या यादीत फक्त नवी एसएसडी होती. म्हणजे खोका उघडायचा.

उघडण्याआधी यंत्र बंद केलं, भिंतीतला प्लग काढला, सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं म्हणजे आत उरलेली वीज जाते, आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. मग बाजूचा पत्रा काढला. आत बघून वकीलबाई म्हणाली, “अगं, आत निम्मा खोका रिकामाच आहे!” खरंच. इतकी वर्षं आपण ज्याला हात लावायला घाबरतो, त्याच्या आत सुटे सुटे, एकमेकांत बसणारे आठ-दहा भाग असतात. चुकीच्या जागी ते सहसा बसतच नाहीत, अशी त्यांची घडण असते.

हार्ड डिस्कला दोन तारा येतात. रुंद टोकाची तार एसएमपीएसमधून वीज आणते. तिला पंधरा टाचण्या असतात. अरुंद टोकाची, सात टाचण्यांची तार मदरबोर्डवरच्या साटा नावाच्या खाचेत जाते. ती माहितीची ने-आण करते. दोन्हींची खाच इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी असल्याने उलटी बसत नाही. या तारा ढिल्या होणं, हे डिस्क न दिसण्याचं एक नेहमीचं कारण आहे. दुसरा एखादा भाग बसवताना हात लागतो, खोका रिक्षात हादरतो, तार जरा सरकते. आम्ही दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवल्या. प्लग लावून, काळजीपूर्वक यंत्र सुरू केलं. शिवणवाल्या बाईने डिस्कच्या धातूच्या बाजूला हलकेच बोट टेकवलं आणि म्हणाली, “फिरतेय की ही! मोटार चालू आहे.” म्हणजे वीज पोचते आहे. डिस्क गेली म्हणणाऱ्याने एवढंसुद्धा बघितलं नव्हतं.

पण यादीत ती अजून नव्हती. मग माहितीची तार बदलून बघितली. तरी नाही. तेव्हा मुलगी म्हणाली, आता मदरबोर्डची पुस्तिका काढा. पुस्तिका इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. वकीलबाईने चष्मा पुसून वाचायला घेतलं आणि एका तक्त्याखालच्या टिपेत उत्तर सापडलं. पट्टीसारखी एसएसडी ज्या खाचेत बसते ती वापरात आली की त्या बोर्डवरच्या शेवटच्या दोन साटा खाचा आपोआप बंद होतात. माहिती वाहून नेणाऱ्या वाटा मोजक्याच असतात, त्या दोघांत वाटलेल्या असतात. अनेक मदरबोर्डांवर अशीच रचना असते. आमची जुनी डिस्क नेमकी त्या बंद झालेल्या खाचेत होती. तार तिथून काढून दुसऱ्या खाचेत लावली. यंत्र सुरू केलं. डिस्क यादीत हजर! सगळ्या फायली जागच्या जागी. खर्च शून्य, वेळ दीड तास.

दुकानातला तो मुलगा दुष्ट होता असं मला म्हणायचं नाही. तोही तुटपुंज्या पगारावर दिवसाला वीस खोके बघत असणार. त्याच्या दृष्टीने ती एक डिस्क होती. त्याला ‘गेली’ म्हणणं सोपं होतं, कारण त्याचं त्यात काही जात नव्हतं. जिचं जातं तिने बघायला हवं, एवढाच मुद्दा आहे. बाईचं पोट दुखतंय म्हटल्यावर “पिशवी काढून टाकू” म्हणणारे डॉक्टर आणि डिस्क दिसत नाही म्हटल्यावर “फॉरमॅट मारू” म्हणणारा मेकॅनिक यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. दोघंही आपल्या अज्ञानावर उभे असतात. आरोग्याच्या शिबिरांतून आपण आपल्या शरीराची माहिती मिळवली, कोणता प्रश्न विचारायचा हे शिकलो. त्याचा अर्थ आपण शस्त्रक्रिया करायला लागलो असा नव्हे. पण डॉक्टरसमोर बसण्याची आपली पद्धत बदलली. इथेही तेच व्हायला हवं.

अर्थात प्रत्येक वेळी उत्तर इतकं सरळ निघेल असं नाही. म्हणून आणखी काही गोष्टी मैत्रिणींनी लक्षात ठेवाव्यात.

बायोसला डिस्क दिसते, पण विंडोजमध्ये दिसत नाही, असं असेल तर ‘डिस्क मॅनेजमेंट’ नावाचा पडदा उघडावा. सुरुवातीच्या बटणावर माऊसची उजवी कळ दाबली की यादीत ते नाव सापडतं. कधी कधी डिस्क शाबूत असते, फक्त तिला अक्षर मिळालेलं नसतं. घर आहे, पाटी नाही, असा प्रकार. पाटी लावली की झालं. त्याने आतल्या मजकुराला धक्का लागत नाही. पण तिथे दोन सूचना अशा येऊ शकतात की ज्यांच्यापुढे हात आखडता घ्यायचा. एक ‘इनिशियलाइज’ आणि दुसरी ‘फॉरमॅट’. डिस्क कोरी असेल, आजच दुकानातून आणलेली असेल, तर दोन्ही करावंच लागतं. त्याशिवाय नवी डिस्क वापरता येत नाही, आणि “नवी डिस्क दिसत नाही” या तक्रारीचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. पण जिच्यावर आधीचा मजकूर आहे अशा डिस्कसाठी यंत्राने ही सूचना केली, तर त्याचा अर्थ एवढाच की त्याला आतली अनुक्रमणिका वाचता येत नाही. आपण ‘हो’ म्हटलं तर जुन्या अनुक्रमणिकेच्या जागी कोरी लिहिली जाते आणि मजकूर परत मिळवणं अवघड होऊन बसतं. अशा वेळी ‘नाही’ म्हणावं, यंत्र बंद करावं आणि जाणत्या माणसाला विचारावं. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आपण इतर ठिकाणी भांडून मिळवला आहे, इथे तो फुकट आहे.

डिस्कमधून ठरावीक तालात टक-टक, खर-खर असा आवाज येत असेल, तर ते आतली सुई अडखळत असल्याचं लक्षण आहे. तेव्हा पुन्हा पुन्हा चालू करून बघू नये. दर फेरीला नुकसान वाढतं. हे काम घरचं नाही, कोपऱ्यावरच्या दुकानाचंही नाही. धूळरहित खोलीत डिस्क उघडून मजकूर काढणाऱ्या खास प्रयोगशाळा असतात. त्या महाग असतात. पण त्यांच्याकडे जायचं तरी गोपनीयतेचा लेखी करार करून जावं. आपली सीमा कुठे, हे ओळखणं हाही शिकण्याचा भाग आहे. एसएसडीला मात्र फिरणारा भागच नसतो, त्यामुळे ती बिघडताना आवाज करत नाही.

एसएमपीएसच्या तारांबाबत एक इशारा. काही एसएमपीएसच्या तारा दोन्हीकडून सुट्या होतात. एका कंपनीच्या एसएमपीएसची तार दुसऱ्याला बसते, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि मग डिस्क क्षणात जळू शकते. म्हणून ज्याची तार त्यालाच लावावी.

जुन्या संघटनांकडे नव्वदच्या दशकातल्या डिस्क असतील. त्यांना चाळीस टाचण्यांची रुंद पट्टीसारखी तार लागते, आणि एका पट्टीवर दोन डिस्क असल्या तर कोण ‘मास्टर’ आणि कोण ‘स्लेव्ह’ हे मागच्या बाजूला एक चिमुकली टोपी सरकवून ठरवावं लागतं. दोघींनाही ‘मास्टर’ केलं तर यंत्र गोंधळतं. (मालक आणि गुलाम! यंत्रांना नावं ठेवतानाही माणसांना दुसरं काही सुचलं नाही.) आजच्या मदरबोर्डवर ही खाच नसते, पण यूएसबीला जोडायचा अडॅप्टर मिळतो. मोठ्या, साडेतीन इंची डिस्कसाठी स्वतंत्र विजेची जोडणी असलेला अडॅप्टर घ्यावा, कारण तिला लागणारे बारा व्होल्ट यूएसबीच्या साध्या खाचेतून येत नाहीत. नाहीतर डिस्क धडधाकट असूनही ‘मेली’ असं वाटत राहतं.

आणि डिस्क सापडल्यावरही अडचण संपेल असं नाही. आमच्या १९९८ सालच्या फायली उघडल्या तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी आली. तो मजकूर श्रीलिपीत टाइप केलेला होता. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीचे फॉन्ट प्रत्येक कंपनीचे वेगळे, त्यांचे अक्षरांचे क्रमांक वेगळे. तो फॉन्ट यंत्रावर नसला की मराठी वाचताच येत नाही. तेव्हा जुन्या अंकांच्या फायली युनिकोडमध्ये बदलून ठेवणं हेही काम आता अंगावर घ्यायला हवं. नाहीतर डिस्क मिळेल आणि शब्द हरवतील.

यापुढचा मुद्दा कुलपाचा आहे. डिस्क चोरीला गेली, दुरुस्तीला गेली, तरी आतलं वाचता येऊ नये म्हणून ती सांकेतिक रूपात ठेवता येते. विंडोज ११ असलेल्या अनेक यंत्रांवर, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की हे कुलूप आपोआप लागतं आणि किल्ली त्या खात्यात जमा होते. डिस्क दुसऱ्या यंत्राला लावली किंवा मदरबोर्ड बदलला की किल्ली मागितली जाते. आता सांगा, ते खातं कोणाच्या नावाने आहे? यंत्र सुरू करून देणाऱ्या दुकानदाराच्या? संघटना सोडून गेलेल्या माजी समन्वयकाच्या? अध्यक्षबाईंच्या यजमानांच्या? घर बाईच्या नावावर असावं म्हणून आपण शासनाशी भांडतो, आणि संघटनेच्या स्मरणशक्तीची किल्ली कोणाच्या खिशात आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. कुलूप जरूर लावावं, पण किल्ली संघटनेच्या नावाने असावी आणि तिचा आकडा कागदावर लिहून दोन विश्वासू ठिकाणी ठेवलेला असावा.

पुराव्याचंही तसंच आहे. धमकीचं ध्वनिमुद्रण न्यायालयात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे ते कोणत्या यंत्रातून, कसं मिळालं याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मधल्या काळात ती डिस्क कोणत्या दुकानात, कोणाच्या हातात होती हे आपल्यालाच सांगता येत नसेल, तर समोरचा वकील ते सोडेल का?

हे सगळं मांडलं की बैठकीत दोन आक्षेप येतात. पहिला असा, की आपल्यामागे एवढी कामं असताना हे स्क्रू कोण फिरवत बसणार? मला वाटतं, या आक्षेपात वेळेपेक्षा भीती जास्त आहे. जी बाई पोलीस ठाण्यात जाऊन फौजदाराला एफआयआर लिहायला लावते, तिला चार स्क्रूंची भीती वाटावी, यामागे आपलं वाढवणं आहे. घरात मुलगा मिक्सर उघडून बसला तर “डोकं आहे हो त्याला”, आणि मुलगी बसली तर “बिघडवशील, ठेव ते”. त्या ‘ठेव ते’चा आवाज पन्नाशीतही कानात असतो.

दुसरा आक्षेप, की हे शिकलेल्या, शहरातल्या बायकांचं काम. तर उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्याकडे बघावं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्या कार्यक्रमात तिथल्या दलित आणि कोल आदिवासी बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. पंपाच्या लोखंडी दांड्या खेचून वर काढणं आणि वायसर बदलणं हे पुरुषांचंच काम, असं सगळे म्हणत होते. पाणी कोण आणतं? बायका. पंप बंद पडला तर कोणाचे हाल? बायकांचे. मग पंप उघडायचा कोणी? हाच प्रश्न मी आज खोक्याबाबत विचारते आहे.

आणि बायकांच्या हातांना ही यंत्रं परकी कधीच नव्हती. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या अपोलो यानांसाठी जो कॉम्प्युटर केला, त्याची कायमची स्मृती तांब्याच्या तारा चुंबकी कड्यांतून ओवून विणलेली होती. मॅसॅच्युसेट्समधल्या कारखान्यात ते विणकाम बायका करत होत्या. तार कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. त्यांच्या विणीवर विसंबून माणूस १९६९ साली चंद्रावर उतरला. पुढे मलेशियातल्या पेनांगपासून आपल्या श्रीपेरुंबुदूरपर्यंत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत ओळीने बसवल्या त्या तरुण मुलीच, कारण त्यांची बोटं चपळ आणि मजुरी कमी. म्हणजे तुटपुंज्या पगारावर यंत्र जोडायला बाई चालते, पण त्याचं झाकण उघडून आत काय आहे हे समजून घ्यायला मात्र पुरुष लागतो. ही विभागणी निसर्गाने केलेली नाही.

म्हणून काही ठोस सूचना करते. प्रत्येक संघटनेत निदान दोघी जणींनी हे शिकून घ्यावं. दोघी अशासाठी, की एकीच्या हाती ज्ञान राहिलं तर ती नवी मेकॅनिक होते आणि बाकीच्या पुन्हा तिच्यावर अवलंबून. त्यांतली एक तरी कमी शिकलेली असावी. शिवणवर्ग, गिरणी, खानावळ चालवणाऱ्या मैत्रिणींचं यंत्राशी जास्त पटतं असा माझा अनुभव आहे. खोका जोडला तेव्हाची पुस्तिका, पावत्या जपून ठेवाव्यात आणि कोणती तार कोणत्या खाचेत आहे याचा फोटो काढून ठेवावा. केसेसच्या नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरात. दर महिन्याला ती प्रत नुसती करू नये, उघडून बघावी. दुरुस्तीला यंत्र द्यावंच लागलं, तर शक्य असेल तिथे डिस्क काढून घेऊन द्यावं. डिस्कच द्यायची वेळ आली तर कोणीतरी सोबत बसावं. आणि जुनी डिस्क भंगारात टाकताना लक्षात ठेवावं, की फायली ‘डिलीट’ केल्याने पुसल्या जात नाहीत. पूर्ण पुसणारा कार्यक्रम चालवावा, नाहीतर आतल्या तबकडीचे हातोडीने तुकडे करावेत. त्यात एक वेगळं समाधानही आहे.

पुढच्या शिबिरात अर्धा दिवस यासाठी ठेवावा, अशी माझी सूचना आहे. व्याख्यान नको. कोणाकडे तरी बंद पडलेला जुना कॉम्प्युटर असतोच, तो मध्ये ठेवावा, आणि सगळ्याजणींनी आळीपाळीने त्याची डिस्क काढावी, तारा ओळखाव्यात, परत बसवाव्यात. तो मेलेलाच असल्याने बिघडण्याची भीती नाही. एक स्क्रूड्रायव्हर, एक बॅटरी आणि चहा एवढंच सामान लागेल.